दम्याची मराठी मांडणी : एक चिकित्सा

दमा म्हणजे श्वासनलिकांचे आकुंचन, ही व्याख्या मराठी आरोग्यविषयक लेखनात रूढ आहे. ती चुकीची नाही, अपुरी आहे. त्याच धुळीत शेजारी उभ्या असलेल्या निरोगी माणसाची नलिका का आवळत नाही, हा मूळ प्रश्न तिच्यात उद्भवतच नाही.

चरकसंहितेतील श्वासविकारांच्या वर्णनात धूळ, धूर, थंडी व ढगाळ हवा यांचा उल्लेख आढळतो. म्हणजेच दमेकऱ्याचा श्वसनमार्ग अगदी सामान्य चेतकांनाही अतिप्रतिसाद देतो, हे निरीक्षण जुनेच होय. त्याची कारणमीमांसा मात्र विसाव्या शतकातील आहे.

नीरा डाव्या कालव्याच्या बारामती-इंदापूर पट्ट्यातील पिंपळीसारख्या गावाचे उदाहरण घेता येईल. बांधावर गाजरगवत फुलते. त्याच्या परागांविरुद्ध ज्याच्या शरीरात आयजीई प्रतिपिंडे (शोध १९६६-६७) तयार झाली आहेत, त्याच्या मास्ट पेशींतून हिस्टामीन, प्रोस्टाग्लँडिन डी-२ व ल्युकोट्राइन ही द्रव्ये स्रवतात. काही मिनिटांतच स्नायू आकुंचन पावतो. रूढ मांडणी येथेच थांबते. वस्तुतः महत्त्वाचा भाग पुढे आहे. चार ते आठ तासांनी दुसरा टप्पा येतो व इओसिनोफिल पेशी नलिकेत जमतात. त्यांच्यातील एक प्रथिन अस्तराची हानी करते. शिवाय व्हेगस मज्जातंतूच्या टोकांवरील एम-२ ग्राही निकामी करते. ॲसिटिलकोलीनच्या स्रावाला आवर घालणारे हे ग्राही बंद पडले की लगाम सुटतो. मग परागाशी काडीचाही संबंध नसलेला चुलीचा धूर किंवा पहाटेचा गारवाही धाप लागण्यास पुरेसा ठरतो.

परिभाषेचा दोषही येथे नोंदवावा लागतो. या प्रक्रियेस ‘दाह’ म्हटले जाते. परंतु बोलीत दाह म्हणजे आग होणे. छातीत आग होत नसलेला रुग्ण ‘मला दाह नाही’ असेच म्हणणार. ‘सूज’ हा घरगुती शब्द अधिक अर्थवाही आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. आकुंचन हाच आजार मानणारा रुग्ण धाप लागली की तात्पुरता आराम देणारा पंप ओढतो आणि सूज कमी करणारा स्टेरॉइडचा पंप ‘सवय लागेल’ म्हणून टाळतो. ‘जिना’ या जागतिक दमा उपक्रमाने २०१९पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ अल्पकालीन आराम देणाऱ्या औषधावर ठेवू नये, अशी शिफारस केली आहे. अर्थात सर्वच दमा ॲलर्जीजन्य नसतो. आणि जुन्या दम्यात नलिकेची भिंतच जाड झालेली असल्यास सूज ओसरल्यावरही काही अतिप्रतिसाद शिल्लक राहतो.