पत मोठी की मर्यादा?



मागचं व्याख्यान संपल्यावर एक तरुण मला जिन्यात गाठून म्हणाला, "सर, वर्षभरात माझ्या क्रेडिट कार्डाची मर्यादा मी ५० हजारांवरून १ लाखावर नेली. यावर तत्त्वज्ञानाचा काही आक्षेप आहे का?" मी म्हटलं, जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही, पुढच्या वेळी बोलू. तर आजचा विषय त्याचा आहे.

आपल्याकडची जुनी शिस्त अशी, की खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष नीट मांडावा. त्याची युक्ती अशी: बिल पूर्ण भरायचं, तारखेच्या आत भरायचं. मर्यादेच्या साधारण ३० टक्क्यांच्या वर वापर जाऊ द्यायचा नाही. खर्च जास्त झालाच, तर बिल तयार होण्याआधीच थोडी रक्कम भरून टाकायची, म्हणजे पत-अहवालात आकडा लहान दिसतो. चार बँकांकडे एकदम अर्ज करायचे नाहीत, कारण प्रत्येक चौकशीची नोंद होते. जुनं कार्ड विनाकारण बंद करायचं नाही. आणि पगार वाढला की नवी पगारपत्रिका दाखवून मर्यादा वाढवून मागायची. पोरगा हुशार आहे. यात खोटं काही नाही, बेकायदा काही नाही.

आता गणित बघा. त्याचा महिन्याचा खर्च २० हजार. मर्यादा ५० हजार होती तेव्हा वापर ४० टक्के. मर्यादा १ लाख झाली आणि वापर २० टक्क्यांवर आला. माणूस तोच, पगार तोच, किराणा तोच. तरी ३०० ते ९०० च्या त्या मापात तो आता जास्त भरवशाचा दिसू शकतो! म्हणजे मर्यादा कशासाठी वाढवायची, तर ती न वापरण्यासाठी. मला यात गंमत वाटते, आणि थोडी काळजीही वाटते.

काळजी कसली, ते कान्टच्या मदतीने सांगतो. १७८५ साली आलेल्या त्याच्या नीतिशास्त्रावरच्या छोट्या ग्रंथात एक दुकानदार आहे. अनुभव नसलेलं गिऱ्हाईक आलं, अगदी लहान मूल आलं, तरी तो जास्त भाव लावत नाही. उत्तम. पण कान्ट विचारतो, हे प्रामाणिकपणातून आलं की धंद्याच्या हिशेबातून? कृती कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्याच्या जाणिवेतून झालेली नाही. आमचा जिन्यातला मित्र हा तोच दुकानदार आहे. तो बिल वेळेवर भरतो, कारण कुणीतरी मोजतंय.

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? बँकेला पैसे मिळाल्याशी मतलब. बरोबर. बँकेला माझा हेतू तपासायचं कारण नाही. पण मापाला सद्गुण समजण्याची चूक आपण करतो. किमान देय रक्कम घ्या. दर महिन्याला तेवढीच भरणाऱ्याच्या नावापुढे 'उशीर' अशी नोंद होत नाही. पण उरलेल्या रकमेवर व्याज चालू राहतं. ते बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या वर जातं. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कागदावर तो वेळेवर भरणारा, आणि घरात बुडत चाललेला. त्याला मोठी मर्यादा देऊ केली, तर तो तिला शाबासकी समजेल. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही. नियम चांगला आहे. पण ज्याला ती बक्षीस वाटते, तो संमती द्यायला किती वेळ लावणार?

मराठीत 'पत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक उधारी मिळण्याची लायकी, दुसरा अब्रू. पूर्वी वाण्याच्या वहीत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत. आमचे वडील आजारी पडले त्या महिन्यात वाण्याने न विचारता उधारी वाढू दिली होती. बँक नेमकं उलटं करते; पगार वाढला की मर्यादा वाढवते, म्हणजे गरज कमी झाल्यावर. पण जुन्याचे गोडवे मी गाणार नाही. तोच वाणी आडनाव ऐकून कुणाला पायरीवरूनच परत पाठवायचा, हेही मी पाहिलंय. पत-अहवालाचं यंत्र जात विचारत नाही, ही त्याची मोठी बाजू आहे. मात्र ज्याने आयुष्यभर सगळं रोखीने घेतलं, कुणाचं देणं ठेवलं नाही, त्याच्याविषयी हे यंत्र मुकं असतं. निवृत्तीनंतर मी कार्ड मागायला गेलो, तेव्हा माझी पत शून्यवत निघाली. शेवटी मुदत ठेव तारण ठेवून कार्ड घेतलं.

आणि मग मीही तो खेळ मन लावून खेळू लागलो, हे कबूल करतो. बिल चार दिवस आधी भरायचो. एके दिवशी इस्त्रीवाला कपडे घेऊन आला आणि संकोचत म्हणाला, "सर, दोन महिन्यांचे राहिलेत." मला खरोखर लाज वाटली. बँकेचं देणं लक्षात, कारण तिथे गुण मिळतात. त्याचं विसरलो, कारण तो कुणाला कळवत नाही.

म्हणून त्या तरुणाला माझं सांगणं असं: मर्यादा जरूर वाढव. अडीअडचणीला, दवाखान्याला उपयोगी पडेल. बिल पूर्णच भर. पण दर महिन्याला अहवालातला आकडा पाहशील, तेव्हा एका कागदावर अशी देणीही लिही, जी कुठल्याच अहवालात येत नाहीत. ती आधी फेड. पत त्यातून ठरते. मर्यादा काय, बँक ठरवेल.

आता प्रश्न घेऊ.