सौम्य नाद आणि दुभंगलेला श्रोता : मराठी नाट्यसंगीताच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

एखाद्या गायकमंडळीने अथवा वाद्यवृंदाने आपला रूढ नाद सौम्य केला की तिच्या चाहत्यांत दोन तट पडतात. मेटॅलिका या अमेरिकी रॉक बँडच्या बाबतीत हे ठळकपणे घडले. १९८३ च्या पहिल्या संग्रहापासून वेगवान व आक्रमक वादनासाठी ओळखल्या गेलेल्या या बँडने १९९१ च्या संग्रहात लय संथ केली आणि १९९६ च्या ‘लोड’मध्ये तो आणखी निराळ्या वळणावर गेला. नवा श्रोता मोठ्या संख्येने लाभला. जुन्या श्रोत्यांपैकी अनेकांनी मात्र हा बाजारापुढे पत्करलेला पराभव मानला. अशा वादात एका पक्षाला कर्मठ आणि दुसऱ्याला उथळ ठरवणे सोपे असते. परंतु त्यामुळे वादाचे मूळ हाती लागत नाही.

मराठी संगीत रंगभूमीने हा अनुभव रॉक संगीताच्या जन्मापूर्वीच घेतला आहे. नाट्यपदाचा भरदार, विस्तारक्षम गायनाकडून भावगीताच्या मितभाषी सुरावटीकडे झालेला प्रवास येथे तपासला आहे. त्यातून जो निकष हाती येतो, तो धाराशिव जिल्ह्यातील जिवंत परंपरेला, म्हणजे गोंधळाला, लावून पाहणे हा या विवेचनाचा दुसरा हेतू आहे.

भरदार नादाची जडणघडण

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचा पाया घातला गेला. ‘शाकुंतल’ व १८८२ चे ‘सौभद्र’ यांतील पदांची संख्या मोठी होती. तथापि साकी, दिंडी, कामदा अशा परिचित वळणांमुळे पद हे बव्हंशी संवादाचेच काम करीत असे. १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमान’ने हे चित्र पालटले. गोविंदराव टेंबे यांनी दिलेल्या चालींतून ठुमरी, गझल व रागदारीची अंगे नाटकात शिरली. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखले यांच्या चालींनी रागसंगीताचा हा संबंध अधिक दृढ केला. पद आता कथानक पुढे नेण्यापुरते उरले नाही; ते मैफलीचे बीज बनले.

या गायनाची दोन भौतिक कारणे लक्षात घेतली पाहिजेत. पहिले, ध्वनिक्षेपक नव्हता. भरलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याची जबाबदारी नटाच्या गळ्यावरच होती. दुसरे, पदाची लांबी प्रेक्षक ठरवीत. ‘वन्समोअर’च्या आरोळीवर पद पुन्हा उभे राही, नवी तान येई, आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे. प्रेक्षक हा येथे केवळ ऐकणारा नव्हता. प्रयोगाच्या घडणीत त्याचा वाटा होता.

त्या काळीही नादाच्या प्रकृतीवरून तट होतेच. केशवराव भोसले यांचा उंच पट्टीतला तेजस्वी स्वर आणि बालगंधर्वांचे मार्दवयुक्त, लडिवाळ गायन यांचे चाहते वेगळे होते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी म्हणून एकत्र उभे राहिले, तेव्हा हे दोन्ही तट एकाच छपराखाली आले. ही घटना सूचक आहे. सौम्यता ही मुळातच परकी असती, तर बालगंधर्वांना एवढी लोकप्रियता लाभलीच नसती. त्यांचे गायन कितीही मृदू असले, तरी ‘वन्समोअर’ मागण्याचा प्रेक्षकाचा अधिकार त्याने काढून घेतला नव्हता.

१९३३ : सौम्य नादाचा आग्रह

१ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी ते लिहिले होते, तर संगीत केशवराव भोळे यांचे होते. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. ज्योत्स्ना भोळे यांचे गायन त्यातूनच पुढे आले. पदे मोजकी होती आणि पात्राच्या मनःस्थितीतून उमटणारी होती. तानांची आतषबाजी नव्हती; पदाने प्रसंग थांबवायचा नव्हता, तो गडद करायचा होता.

केशवराव भोळे हे संगीतकार असण्याबरोबरच साक्षेपी संगीतसमीक्षकही होते. त्यामुळे ‘आंधळ्यांची शाळा’तील मितव्यय ही गायकांच्या अभावी केलेली तडजोड नव्हती, त्यामागे शब्द, भाव व स्वर यांच्या प्रमाणाविषयीचा विचार होता. हाच विचार त्यांनी पुढे प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटांत विस्तारला.

परिस्थितीही या बदलास अनुकूल होती. तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेने पदाला आटोपशीर व्हायला शिकवले होते. १९२७ मध्ये मुंबईत नभोवाणीचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट आणला. मायक्रोफोनसमोर कुजबुजही ऐकू जाऊ लागली, तेव्हा उंच पट्टी ही गरज न राहता निवड बनली. सौम्य नाद हा अभिरुचीचा जसा, तसाच तंत्राचाही परिणाम होता.

दोन्ही पक्षांचे बलाबल

नव्या नादाच्या समर्थकांची बाजू भक्कम होती. मरणोन्मुख पात्राने पाव तास ताना घ्याव्यात, हे नाट्यदृष्ट्या विसंगतच. सौम्य पदाने शब्दाला न्याय दिला, अभिनयाला अवकाश दिला आणि स्त्रीच्या स्वाभाविक आवाजाला रंगभूमीवर स्थान दिले.

विरोधकांची बाजू मात्र बहुधा अपुरी मांडली गेली. त्यांचा आक्षेप केवळ ‘पूर्वीसारखे गाणे राहिले नाही’ एवढाच मानला गेला आणि स्मरणरंजन म्हणून निकालात काढला गेला. प्रत्यक्षात त्यांनी काहीतरी ठोस गमावले होते. नव्या रचनेत पद पूर्वनियोजित झाले. किती गायचे, कोठे थांबायचे हे आधीच ठरले. ‘वन्समोअर’ हा व्यत्यय ठरला. जो प्रेक्षक कालपर्यंत प्रयोगाचा भागीदार होता, तो शिस्तबद्ध श्रोता झाला. रागसंगीताची तालीम ज्यांना परवडत नव्हती, अशा असंख्यांचे राग ओळखण्याचे शिक्षण नाट्यगृहातच होत असे; पदाचा विस्तार आटला, तसे ते शिक्षणही आटले. म्हणजे भांडण आवाजाच्या पट्टीचे दिसत असले, तरी ते श्रोत्याच्या वाट्याचे होते.

पुढील इतिहासाने या निदानाला दुजोरा दिला. मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ने (१९४२) मास्टर कृष्णरावांच्या चालींद्वारे आटोपशीर पदातही रागाचा डौल राखला आणि ते लोकप्रिय झाले. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’त जितेंद्र अभिषेकी यांनी पदे सुबक व भावानुकूल ठेवली, परंतु प्रत्येक पदात गायकाला फुलवता येईल अशी जागा शिल्लक ठेवली. म्हणूनच ती पदे नाटकाबाहेर मैफलीतही गायली गेली. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये तर गायकीचा संघर्ष हाच कथाविषय झाला. २०१५ मध्ये त्यावरून चित्रपट निघाला, तेव्हा अभिषेकींच्या रचनांसोबत शंकर-एहसान-लॉय यांची नवी गीते आली, आणि मूळ नाटकाचा ठसा मनावर असलेल्यांपुढे तुलनेचा तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला.

या उदाहरणांतून एक निकष निष्पन्न होतो. नाद किती सौम्य झाला, हे मोजणे दुय्यम आहे. सौम्य होताना श्रोत्याच्या सहभागाची जागा उरली की मिटली, हे पाहणे महत्त्वाचे. ‘मत्स्यगंधा’ या कसोटीला उतरते. ‘आंधळ्यांची शाळा’ नाटक म्हणून श्रेष्ठ ठरते, पण त्या श्रेष्ठतेची किंमत जुन्या श्रोत्याने चुकवली, ही नोंद समीक्षेने करायला हवी.

तुळजापूरच्या अंगणात

हा निकष गोंधळाला लावला असता प्रश्न अधिक तातडीचा होतो. लग्नकार्यानंतर कुळाचार म्हणून घातल्या जाणाऱ्या गोंधळात चौक मांडला जातो, दिवटी पेटते आणि संबळ, तुणतुणे व झांज यांच्या साथीने देवतांना नावे घेऊन पाचारण केले जाते. संबळाचा कडकडाट येथे अलंकार नाही. तो आवाहनाचे साधन आहे. देवीच्या नावाने ‘उदो’ झाला की यजमानाचे घर आणि जमलेली भावकी त्याला साथ देते. उत्तररंगात आख्यान सुरू होते, तेव्हा संबळ आपोआप मागे सरतो आणि कथा पुढे येते. म्हणजे सौम्यता या विधीच्या बांधणीतच आहे. ती कोठे यावी, हे परंपरेने ठरवले आहे.

मंचावर आणि ध्वनिमुद्रणात मात्र गोंधळ ‘गोंधळगीत’ होतो. रात्रभराचा विधी काही मिनिटांत बसवला जातो, कीबोर्ड येतो, संबळ लयीपुरता उरतो. ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटाचे उदाहरण बोलके आहे. अजय-अतुल यांच्या संगीतात भंडाऱ्याच्या उधळणीचा दणदणीत नाद आणि हळुवार प्रेमगीत दोन्ही होते. पार्श्वगायनाचे राष्ट्रीय पुरस्कार हरिहरन व श्रेया घोषाल यांना त्या हळुवार गीतासाठी मिळाले. ते गीत त्या सन्मानास पात्र होते, यात शंका नाही. परंतु सन्मानाची यंत्रणा कोणत्या नादाला लवकर ओळखते, हे त्यातून दिसते.

महाविद्यालयीन युवक महोत्सवांत लोककलेचे परीक्षण करणारे प्राध्यापकही अशाच एका यंत्रणेचा भाग असतात. गुणपत्रिकेवर ‘गोडवा’ व ‘सफाई’ यांना गुण देणे सोपे. ‘उदो’ला सभागृहातून साद आली की नाही, याला रकानाच नसतो. ज्या घराण्यांनी संबळ पिढ्यान्‌पिढ्या कमरेला बांधला, त्यांची मुले या गुणपत्रिकेकडे पाहूनच पुढे काय वाजवायचे ते ठरवणार आहेत.

निष्कर्ष

१. सौम्य नाद ही अधोगती नव्हे आणि प्रगतीही नव्हे. ध्वनिक्षेपण, मुद्रण, सादरीकरणाची वेळ यांतून निर्माण झालेली ती एक शक्यता आहे.

२. जुन्या चाहत्यांचा विरोध हा अनेकदा श्रोत्याच्या गमावलेल्या वाट्याविषयीचा असतो. त्यास केवळ स्मरणरंजन म्हणणे समीक्षेला शोभणारे नाही.

३. ‘मत्स्यगंधा’ने दाखवल्याप्रमाणे नाद सौम्य करूनही विस्ताराची जागा राखता येते. गोंधळाच्या मंचीय रूपाकडूनही हीच अपेक्षा ठेवावी लागेल : संबळ किती मोठा वाजला यापेक्षा त्याने कोणाला बोलावले आणि कोणी उत्तर दिले, हे पाहावे लागेल.