स्वच्छ इतिहास : कारंज्याची एक पोथी आणि गिटच्या शाखा

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या जगात ‘स्वच्छ इतिहास’ हा शब्दप्रयोग आता चांगला रुळला आहे. पाचपंधरा माणसे एकाच कोडवर काम करत असली, की कुणी, केव्हा, काय बदलले याची नोंद गिट नावाची व्यवस्था ठेवते. ही नोंद सरळ एका रेषेत, बिनगोंधळाची दिसावी, असा नियम बहुतेक टीममध्ये असतो. वरवर पाहता त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. गबाळा इतिहास हवा असे कोण म्हणेल? पण पोथ्यांच्या प्रस्तावना वाचायची सवय असलेल्या माणसाला ‘इतिहास’ या शब्दामागे ‘स्वच्छ’ हे विशेषण दिसले की थबकावे लागते. स्वच्छ करता येते ती प्रत. इतिहास घडला तसा असतो. मी पोटासाठी कोड लिहितो आणि हौसेने जुन्या ग्रंथांच्या संपादकीय प्रस्तावना वाचतो, त्यामुळे हा शब्द मला दोन्हीकडून टोचतो. प्रत स्वच्छ करताना काय पुसले जाते, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा गावातून छापून निघालेल्या एका ग्रंथात तर त्याचे उत्तरही मिळते.

आधी गिटची रचना थोडक्यात सांगतो. गिटचा जन्म एप्रिल २००५ मधला. लिनक्सच्या गाभ्यावर जगभरातली माणसे काम करत होती आणि त्यांची नोंदवही बिटकीपर या व्यापारी प्रणालीत होती. तिचा फुकट परवाना काढून घेतला गेला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सने काही दिवसांत स्वतःची नोंदवही रचली. तिच्यातल्या प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात. कमिटमध्ये त्या क्षणीच्या सगळ्या फायलींचे चित्र असते, करणाऱ्याचे नाव, तारीख आणि कारण असते, आणि आधीच्या नोंदीची खूणही असते. या सगळ्यावरून गणिताने एक चाळीस अक्षरांची खूण निघते. आईची खूण लेकीच्या खुणेत मिसळलेली असल्यामुळे मागची एखादी नोंद बदलली, की तिच्या पुढच्या साऱ्या वंशाच्या खुणा बदलतात.

मुख्य कोडला धक्का न लावता बाजूला काम करायचे, तर शाखा काढायची. काम झाले की ती मुख्य खोडात आणायची. ‘मर्ज’ केले तर दोन आया असलेली एक नोंद तयार होते आणि दोन्ही वाटा नकाशावर राहतात. ‘रिबेस’ केले तर शाखा मुळापासून उचलून खोडाच्या आजच्या शेंड्यावर लावली जाते, जणू काम कालपरवाच सुरू झाले. ‘स्क्वॉश’ केले तर शाखेतल्या वीस नोंदी दाबून त्यांची एक होते. शेवटच्या दोन्ही रीतींनी नकाशा सरळ दिसतो. स्वच्छ म्हणतात तो हाच.

आता कारंजा. दत्तभक्त या गावाला नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ओळखतात. जैन साहित्याच्या अभ्यासकांना ते आठवते ते तिथल्या भट्टारकांच्या गाद्यांमुळे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे एका गावात आहेत, आणि त्यांच्या भांडारांत संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश पोथ्या शतकानुशतके सांभाळल्या गेल्या. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची जी सूची छापली, तिच्यामुळे या संग्रहाकडे विद्वानांचे लक्ष वळले. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’, ‘पाहुडदोहा’, ‘करकंडचरिउ’ अशी अपभ्रंश काव्ये एकामागून एक संपादित केली, तीही कारंज्याच्याच ग्रंथमालांतून. (रायबहादूर वेगळे आणि प्राध्यापक वेगळे. संदर्भ देताना दोघांची अनेकदा गल्लत होते. गिटमध्ये नावाशेजारी ईमेल का लिहावा लागतो, हे नवशिक्यांना समजावताना मला हे दोन हिरालाल नेहमी उपयोगी पडतात.)

कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ साली आले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’. संपादक होते डॉ. प. ल. वैद्य. पुष्पदंत हा दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात राहिलेला कवी. राजा यशोधराची ही कथा त्याने नन्न या मंत्र्याच्या आश्रयाने लिहिली. पण आज हातात येते ती सगळी कथा पुष्पदंताची नाही. भैरवानंद नावाचा कौलाचार्य राजसभेत येतो तो प्रसंग, यशोधराच्या विवाहाचे वर्णन आणि शेवटाकडचे जन्मांतरांचे निरूपण, हे तीन भाग नंतर कुणीतरी घातले आहेत.

पोथीत मागाहून भर पडणे ही आपल्याकडे इतकी नेहमीची गोष्ट, की तिच्यासाठी ‘प्रक्षेप’ हा तयार शब्द आहे, आणि त्यात चोरीचा वास आहे. इथे मात्र चोरी नाही. भर घालणारा स्वतःच सांगतो, की मी कण्हडाचा मुलगा गंधर्व. वीसल साहूने मला सांगितले की पुष्पदंताच्या काव्यात हे तीन प्रसंग नाहीत, ते रचून घाल. म्हणून विक्रम संवत १३६५ मध्ये योगिनीपुरात, म्हणजे दिल्लीत, मी हे केले. मूळ काव्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी आलेला हा माणूस आपले नाव, बापाचे नाव, मागणी करणाऱ्याचे नाव, ठिकाण, वर्ष आणि नेमके काय घातले ते नोंदवतो. सगळ्या पोथ्यांत हे भाग नाहीत, म्हणून ताळा घेऊन त्याचे म्हणणे पडताळताही येते. एखाद्या प्रकल्पाने नव्या माणसाला चांगली कमिट कशी लिहावी याचा नमुना द्यायचा ठरवले, तर मी गंधर्वाची नोंद देईन. त्याची भर काव्य म्हणून मूळच्या तोडीची आहे का, हा वाद वेगळा. तो वाद घालता येतो, एवढीच त्याची देणगी आहे. त्याने नाव लपवले असते तर चांगल्या-वाईटाचे सगळे माप पुष्पदंताच्या पदरात पडले असते.

याच्याशेजारी एकनाथांची ज्ञानेश्वरी ठेवून पाहावी. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरांनी अशुद्ध झाला होता, तो आपण शोधला, असे ते सांगतात. वर्ष देतात, आपले नाव देतात, आणि यापुढे कुणी यात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही देतात. गिटच्या भाषेत कर्ता आहे, तारीख आहे, कारण आहे. बदल मात्र नाहीत. किती प्रती समोर होत्या, कुठल्या ओवीचे कुठले रूप टाकले आणि कुठले ठेवले, यातले काही उरले नाही. नाथांची प्रत इतकी सर्वमान्य झाली, की तिच्याआधीचा पाठ कसा होता हे शोधायला पुढे राजवाड्यांसारख्याला निघावे लागले. त्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून जी ज्ञानेश्वरी छापली तिच्याभोवतीची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या चालली. नाथांच्या हेतूविषयी किंवा भाषेच्या कानाविषयी शंका घेण्याचे धाडस मी करणार नाही. त्यांच्या काळात पानाखाली पाठभेद देण्याची रीत नव्हती, हेही खरे. पण आमच्या टीममध्ये ‘स्क्वॉश करून टाक’ असे कुणी म्हटले, की मला ही प्रत आठवते. आणि आमच्याकडे रीत नाही अशी सबबही नाही.

स्क्वॉशच्या बाजूने जे बोलले जाते ते पोकळ नाही. ‘चूक सुधारली’, ‘पुन्हा सुधारली’, ‘आता नक्की’ अशा वीस नोंदी पुढच्या वाचणाऱ्याच्या गळ्यात मारणे म्हणजे कवीच्या खोडलेल्या वहीचे पान छापण्यासारखे आहे. त्यात व्यवहारही आहे. चूक नेमकी कुठल्या नोंदीत शिरली हे शोधायला गिटमध्ये ‘बायसेक्ट’ आहे. इतिहास मधोमध तोडायचा, चूक अलीकडे की पलीकडे ते पाहायचे, उरलेला अर्धा पुन्हा तोडायचा; हजार नोंदींतून दहाएक चाचण्यांत माणूस मुक्कामी पोचतो. अर्धवट, न चालणाऱ्या नोंदी वाटेत आल्या की हा शोध अडखळतो. म्हणून आपल्या खाजगी शाखेत, कुणाला दाखवण्याआधी, रिबेस करून नोंदी नीट लावणे यात मला काही गैर दिसत नाही. कच्चा खर्डा फाडण्याचा हक्क लेखकाचा आहे. लिनक्सच्या मंडळींचा दंडकही तोच आहे : स्वतःपाशी आहे तोवर हवे ते करा, पण जे जगासमोर गेले आणि ज्यावर दुसऱ्यांनी काम उभे केले, ते सहसा बदलू नका.

पण बायसेक्टचीच दुसरी बाजू पाहा. दोन महिन्यांची शाखा दाबून दोन हजार ओळींची एकच नोंद केली, तर शोध त्या नोंदीशी येऊन थांबतो. पुढे हाताने चाळत बसायचे. तिघांनी मिळून केलेल्या कामात तिघांची नावे सहलेखक म्हणून तळाशी राहतात, पण कुठली ओळ कुणाची आणि कुठल्या विचाराने आली, हे जाते. मी पूर्वी काम केलेल्या एका ठिकाणी हिशेबाच्या कोडमधली पैसे पूर्णांकात आणण्याची एक विचित्र ओळ कुणी काढून टाकली. ती का होती हे सांगणारी नोंद आदल्या वर्षीच स्क्वॉशमध्ये विरली होती. ज्या मुलीने ती ओळ लिहिली तिने कारण व्यवस्थित लिहिले होते. ती नोकरी सोडून गेली होती आणि तिचे चार वाक्यांचे शहाणपण नकाशा सरळ करण्यात खर्ची पडले होते. ओळ कुणाची ते सांगणाऱ्या गिटच्या आज्ञेचे नाव ‘ब्लेम’ आहे. या ओळीवर ती चालवली तर स्क्वॉशचे बटण दाबणाऱ्याचे नाव पुढे आले असते. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी जसे पाहिले तसे लिहिले, मला दोष देऊ नका, असे का लिहून ठेवत, ते अशा वेळी नीट समजते. गिटनेही कर्ता आणि नोंद करणारा यांची दोन वेगळी नावे ठेवली आहेत. कवी आणि लेखनिक यांतला तो भेद आहे, आणि आपण घाईत दोघांना एक करतो.

दप्तरशाहीचा हा हट्ट कुणाला वाटला, तर मार्च २०२४ मधले ‘एक्सझेड’ प्रकरण पाहावे. फायली दाबून लहान करणारा हा छोटा, फुकट प्रकल्प. जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकावर तो असतो. जिया टॅन या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्यात सालसपणे काम केले, विश्वास मिळवला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. दूरच्या संगणकात शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या एवढ्याशा शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो पकडला. इथे पोथ्या वाचणाऱ्याचे कान टवकारावेत अशी गोष्ट अशी, की चोरदरवाजा जागा करणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या गिटच्या इतिहासात नव्हताच. तो फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. नोंदवही एक सांगत होती आणि वाटलेली प्रत दुसरीच होती. प्रत आणि तिचा इतिहास ताडून पाहायची सवय सुटली, की भर घालणारा गंधर्व आहे की चोर, हे ओळखायचे साधनच जाते.

म्हणून स्वच्छ की खरा, हा पर्यायच मला चुकीचा वाटतो, आणि याचा पुरावा पुन्हा वैद्यांपाशीच नेतो. ‘जसहरचरिउ’चे हे संपादक पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, शेवटच्या टप्प्यातले प्रमुख संपादक झाले. १९१९ ते १९६६ चाललेल्या त्या कामात बाराशेंहून अधिक हस्तलिखिते विचारात घेतली गेली. पाठ ताडण्याचे काम पुण्याबरोबर तंजावर आणि शांतिनिकेतन इथेही झाले. चौकटी आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत एक पाठ अक्षर-अक्षर मांडायचा आणि खाली प्रत्येक पोथीतला फरक आपापल्या रांगेत लिहायचा, अशी रीत होती. छापील पानावर वर निवडलेली संहिता येते, वाचकाने सरळ वाचत जावी अशी. रेघेखाली बारीक अक्षरात कुठल्या पोथीत काय आहे ते येते. टाकलेले श्लोकही फेकलेले नाहीत, तळटीपांत आणि परिशिष्टांत बसवले आहेत. ज्याला कथा हवी त्याने वरचे वाचावे, ज्याला भांडायचे आहे त्याने खालचे.

गिटमध्ये हे पान आयते आहे. मर्ज करून शाखा जपल्या, तरी इतिहास दाखवताना ‘फर्स्ट पेरेंट’ असे सांगितले की फक्त खोडावरच्या नोंदी सरळ रेषेत दिसतात, शाखा रेघेखाली जातात. सरळ रेषा ही पाहण्याची रीत झाली. त्यासाठी काही पुसावे लागत नाही. शाखा आपल्यापाशी असताना नोंदी नीट लावाव्यात, आणि खोडात आणताना स्क्वॉश न करता मर्ज करावी, असे माझे मत आहे. सुकथनकरांना महाभारताच्या पोथ्यांची वंशावळ बिनचूक मांडता आली नाही, याचे मोठे कारण म्हणजे लेखनिकांनी दोन-दोन पोथ्या समोर ठेवून मिसळणी केली होती आणि कुठून काय घेतले ते लिहिले नव्हते. दोन आयांची नोंद त्यांना मिळाली असती, तर पुण्यातल्या किती माणसांची किती वर्षे वाचली असती, याचा अंदाज टीमच्या बैठकीत स्क्वॉशचा ठराव मांडणाऱ्याने एकदा करून पाहावा.

‘जसहरचरिउ’ची दुसरी आवृत्ती भारतीय ज्ञानपीठाने १९७२ मध्ये काढली. ती सुधारली आणि तिला हिंदी अनुवाद जोडला प्राध्यापक हिरालाल जैन यांनी. मूळ संपादक म्हणून वैद्यांचे नाव त्यांनी जागच्या जागी ठेवले आहे.