चौकोनाची दिशा कोण ठरवतो?

छायाचित्रांची समीक्षा बहुधा विषयाभोवती किंवा छायाचित्रकाराच्या दृष्टीभोवती फिरते. यंत्राचा उल्लेख आलाच, तर तो भिंगाच्या तीक्ष्णतेपुरता. स्वीडनच्या व्हिक्टर हॅसलब्लाड यांच्या कंपनीने १९५७ साली आणलेल्या ‘हॅसलब्लाड ५०० सी’ या कॅमेऱ्याबाबत एवढ्यावर थांबणे मला अपुरे वाटते. या कॅमेऱ्याने समीक्षेपुढे कर्तृत्वाचा प्रश्न उभा केला आहे.

आधी त्याची रीत पाहू. १२० फिल्मच्या एका रिळावर तो १२ चौरस छायाचित्रे घेतो. प्रत्येकाची बाजू सुमारे ५६ मिलिमीटर. म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मवरील नेहमीच्या चौकटीच्या साडेतीनपटीहून अधिक क्षेत्रफळ. कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या दुधी काचेत पाहायचे. आरशामुळे तेथे प्रतिमा सुलटी दिसते, पण तिचे डावे-उजवे बदललेले असते. बटण दाबताच आरसा वर जातो आणि फिल्म पुढे सरकवेपर्यंत खाली येत नाही. काच काळी होते.

महत्त्वाचे म्हणजे हा कॅमेरा उभा-आडवा करावा लागत नाही. आयताकृती चौकटीचा छायाचित्रकार बटण दाबण्यापूर्वीच उभे की आडवे ते ठरवतो. चौरसात तो निर्णय नंतरसाठी ठेवता येतो. चौरसाला ‘शांत’, ‘समतोल’ म्हणण्याची प्रथा आहे. मला मात्र त्यात लांबणीवर टाकलेला निर्णय दिसतो.

अँसेल अ‍ॅडम्स यांचे ‘मून अँड हाफ डोम’ (१९६०) हे छायाचित्र याच बनावटीच्या कॅमेऱ्याने घेतलेले. निगेटिव्ह चौरस, पण प्रसिद्ध मुद्रित उभे आयताकृती आहे. कडा आणि चंद्र यांतील उभा ताण छाटणीने अधिक जाणवतो. निर्णय लांबला, तरी तो घेणारा हात छायाचित्रकाराचाच राहिला.

२४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ मधून बिल अँडर्स यांनी टिपलेल्या ‘अर्थराइज’चे तसे नाही. तेथे विद्युत मोटर बसवलेला हॅसलब्लाड होता. आरशातून पाहण्याची सोय काढून नेम धरण्यासाठी साधे कडे लावले होते. अँडर्स यांच्या चौकटीत चंद्राची कड उजवीकडे उभी आहे आणि पृथ्वी तिच्या डावीकडे. जगभर पोहोचलेल्या प्रतीत मात्र चित्र जवळजवळ काटकोनात फिरवलेले असते. चंद्र जमीन होतो, पृथ्वी क्षितिजावर ‘उगवते’. वास्तविक चंद्राच्या एखाद्या ठिकाणी उभे राहिल्यास पृथ्वी आकाशात जवळजवळ एकाच जागी दिसते. येथील उदय यानाच्या गतीमुळे दिसला. फिरवलेले चित्र खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण आपल्या ओळखीच्या सूर्योदयासारखे ते दिसते, यामागे ती दिशा आहे. अँडर्स यांच्या मूळ चौकटीत जमीनच नाही, म्हणून ती अधिक अस्वस्थ करते.

या दोन टोकांमध्ये मला दयानिता सिंग यांचे काम महत्त्वाचे वाटते. चौरस कृष्णधवल छायाचित्रांसाठी त्यांनी हॅसलब्लाड दीर्घकाळ वापरला; २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कारही त्यांना मिळाला. ‘म्युझियम भवन’मधील लाकडी रचनांत छायाचित्रांच्या जागा बदलता येतात. शेजारचे चित्र बदलले की जुन्या चित्राचा अर्थही सरकतो. येथे लांबणीवर पडलेला निर्णय लपवलेला नाही; त्याचीच कलाकृती झाली आहे.

म्हणून चौरस छायाचित्र छापताना ते छाटले वा फिरवले असेल, तर तशी नोंद चित्राखाली असायला हवी. कवितेच्या ओळी संपादकाने बदलल्या तर आपण जाब विचारतो. चित्राची वरची बाजू कोणती हे दुसऱ्याच कोणी ठरवले असेल, तर तेही वाचकाला कळले पाहिजे.