आठवण कोणत्या बोलीत घडते?

मंडळी, आज कॅथरीन नेल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंच्या कामाकडे जरा पारखून बघू. जन्म १९३०, मृत्यू २०१८. न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. लहान मुलाची भाषा आणि आठवण कशी घडते, हा त्यांच्या आयुष्यभराचा प्रश्न.

१९७३ साली त्यांनी १८ मुलांचे पहिले ५० शब्द तपासले. काही मुलं वस्तूंची नावं जास्त घेत होती, काही माणसांशी बोलण्यापुरते शब्द. म्हणजे बोलायला शिकायची वाट एकच नाही. पुढे त्यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना साधंच विचारलं, 'जेवायच्या वेळी काय काय होतं?' मुलांनी क्रम बहुतेक बरोबर सांगितला. एवढ्या वयात आधी-नंतर कळत नाही, ही समजूत तिथं ढिली पडली.

मग १९८९ चं एमिलीवरचं पुस्तक. रात्री आई-वडील खोलीबाहेर गेले की ही मुलगी अंथरुणात एकटीच बडबडायची. २१ ते ३६ महिन्यांच्या वयातली ती बडबड टेप केलेली. बाईंचं एकूण म्हणणं असं, की मोठ्यांशी बोलता बोलता मूल घडलेलं जुळवायला शिकतं आणि 'माझी आठवण' तयार होते.

काम मोठंच आहे. माझा आक्षेप वेगळा. एमिलीच्या घरात जी भाषा, तीच बाहेर. आपल्या धुळे-जळगावात लेकरू आजीजवळ झोपतं. त्याची आठवण अहिराणीत, रावेर-यावलकडे लेवा बोलीत, सातपुड्यात पावरा बोलीत जुळते. सोमवारी ते वर्गात 'मामाना गावले...' असं सुरू करतं. बाई लगेच म्हणतात, 'मामाच्या गावाला म्हण.' लेकरू शब्द सुधारतं आणि गोष्ट तिथंच सोडून देतं.

आता बघा, नेल्सनबाईंचं म्हणणं खरं धरलं तर तिथं नुसतं वाक्य तुटत नाही, आठवण जुळायची राहते. एकट्या एमिलीच्या टेपमधून हे दिसणार कसं? पण त्यांचाच विचार आपल्या वर्गात आणला की लख्ख दिसतं.

तेव्हा शिक्षकांना सांगणं एवढंच : आधी लेकराची गोष्ट पुरी होऊ द्या. 'गावाला' मग शिकवता येईल.