झिजलेली बोटे आणि १४४८ पाने

न्यायालयाचे निकालपत्र कादंबरीसारखे वाचू नये, असे वकीलमंडळी सांगतात. मी ते तसेच वाचतो. आधार कार्डावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २६ सप्टेंबर २०१८ चा निकालही तसाच वाचला. पाने १४४८, न्यायमूर्ती पाच. चौघे एकीकडे, न्या. धनंजय चंद्रचूड एकटे दुसरीकडे. याचिकाकर्ते न्या. पुट्टस्वामी, सीमाभागातल्या आमची अपिले जिथे जातात, त्याच कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले.

याच याचिकेतून २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. त्या निकालाचे गद्य देखणे आहे. आणीबाणीतल्या १९७६ च्या ज्या निकालाला वडील न्या. यशवंतराव चंद्रचूड यांची संमती होती, तो धनंजयरावांनी इथेच सदोष ठरवला. मराठी वाचकाच्या नजरेतून हे नाट्य सुटायचे नाही. खासगीपणा ही सुखवस्तूंची चैन नव्हे, हेही तिथे ठासून सांगितले आहे. तरी गरीब तिथे तत्त्व म्हणून येतो, हाडामांसाचा नव्हे.

तो माणूस २०१८ च्या भिन्नमतपत्रात भेटतो.

यंत्र बोट ओळखते म्हणजे काय करते? नोंदणीच्या वेळी टिपलेल्या रेषांशी आजच्या रेषा पुरेशा जुळतात का, एवढेच पाहते. ऊस तोडून, विटा वाहून, वयाने रेषा पुसट झाल्या की जुळणी फसते. रेशन दुकानदार ज्या म्हातारीला पोरवयापासून नावाने हाक मारतो, ती यंत्रापुरती 'ती' राहत नाही. पूर्वी माणूस खोटा आहे हे सरकारला दाखवावे लागे. आता आपण खरे आहोत हे तिने दाखवायचे, तेही झिजलेल्या बोटाने!

बहुमताच्या निकालात ९९.७६ टक्के यशाचा सरकारी आकडा येतो. एवढ्यांच्या सोयीची योजना थोड्यांसाठी कशी मोडायची, असा त्यांचा युक्तिवाद. शंभर कोटींत उरलेले ०.२४ टक्के म्हणजे २४ लाख माणसे, हा हिशेब वाचकानेच मांडायचा. कोणाला धान्य नाकारणार नाही, या सरकारी हमीवर बहुमताची भिस्त आहे. खासगी कंपन्यांना दिलेली मुभा त्यांनी काढली, ते चांगलेच झाले. पण दुकानाच्या उंबरठ्यावर हमी कोण दाखवणार?

चंद्रचूड सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीतले आकडे मांडतात. ओळख न पटण्याचे प्रमाण झारखंडात ४९ टक्के, राजस्थानात ३७. माणसाची प्रतिष्ठा यंत्राच्या अंदाजावर टांगता येत नाही, हे त्यांचे म्हणणे या आकड्यांमुळे भाषणबाजी वाटत नाही. त्यांचे लेखन पसरट आहे; परदेशी दाखल्यांच्या गर्दीत दमायला होते. पण दमून पान उलटावे, तर पुढे पुन्हा रिकाम्या हाताने परतलेला माणूस उभा असतो, आणि वाचन थांबवता येत नाही.

कायदा अर्थात बहुमताचाच. फेरविचाराची मागणीही जानेवारी २०२१ मध्ये चार विरुद्ध एक अशी फेटाळली गेली. तो एक पुन्हा चंद्रचूडच होते.