रात्रीची डबी आणि बांधावरचा तिसरा

ज्या गावाची ओळखच एका रात्रीने ठरवली, त्या गावाच्या शिवारात रात्री काहीतरी शोधत हिंडण्याचा खेळ मांडावा का? हा प्रश्न मला तीन वर्षे पुरला. माझे शिक्षण बारावीपर्यंत झाले. आयुष्य रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेले, आणि जे थोडे विज्ञान कळते ते यंत्रे खोलून आणि पुस्तके वाचून. तेव्हा या लेखात पंडिताचा अधिकार वाचकांनी शोधू नये.

आधी खेळाविषयी. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. शंभरेक मीटरची अनिश्चितता दहा-वीस मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यातल्या रानात एक काळी बादली अर्धवट पुरली, तीत पुस्तके, गलोल, बीन्सचा बंद डबा असे सटरफटर ठेवले आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. सापडेल त्याने वहीत नाव लिहायचे, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची. त्याच महिन्यात याला जिओकॅशिंग हे नाव मिळाले. पुढे पुरून ठेवण्याला नियमानेच बंदी आली आणि जागामालकाची परवानगी बंधनकारक झाली. खेळाच्या पोटजाती वाढल्या. त्यांतली एक म्हणजे रात्रीची डबी. दिवसा कितीही फिरा, ती सापडू नये अशी तिची रचना असते.

रचना म्हणून मी तिच्याकडे पाहतो. पुष्कळ रात्रीच्या डब्या नावालाच रात्रीच्या असतात. दिवसाचीच डबी, फक्त अंधारात शोधायची. त्यात अंधार हा निव्वळ अडथळा. खरी रात्रीची डबी अंधाराला साधन करते. असे करण्याच्या मोजक्याच पद्धती आहेत आणि त्यांत सर्वांत देखणी चकाकत्या टाचण्यांची. शिकारी लोक रानातली वाट परत सापडावी म्हणून झाडांना या टाचण्या ठोकत. खेळाडूंनी त्या उचलल्या. आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीमागे जी लाल-पिवळी पट्टी लावतात, तिच्यातलेच हे तत्त्व. तिला सगळे ‘रेडियम’ म्हणतात. रेडियमचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. अंधारात उजळणाऱ्या जुन्या घड्याळांच्या काट्यांवर रेडियम असे, तिथून ते नाव चिकटले असावे. पट्टीतले बारीक काचमणी किंवा प्रिझमचे कोपरे प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात. पर्सी शॉ या इंग्रज माणसाने 1934 साली रस्त्यात बसवण्याच्या काचडोळ्यांचे पेटंट घेतले, तेही याच जातीचे. दिवसा बाभळीच्या खोडावर जी टिकली पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, ती रात्री बॅटरी मारताच पेटते. मग पुढची, मग त्याच्या पुढची. नव्या माणसाचे मन हरखून जाते, माझेही गेले.

पण यात एक मेख आहे. परत येणारा प्रकाश फार अरुंद शंकूत येतो. म्हणून बॅटरी कमरेशी न धरता डोळ्यांशेजारी धरावी लागते. पन्नास मीटरवर एका अंशाचा फरक म्हणजे जेमतेम नव्वद सेंटीमीटर. दहा-वीस पावले बाजूला उभ्या असलेल्या माणसाला त्या टिकल्यांतले काहीच दिसत नाही. त्याला दिसतो फक्त एक अनोळखी माणूस, जो झाडांवर उजेड फिरवत, कधी थांबत, कधी मागे येत काहीतरी हुडकतो आहे.

या खेळात न खेळणाऱ्यांना ‘मगल’ म्हणतात. हॅरी पॉटरच्या कथांतून घेतलेला शब्द, जादू न येणारा तो मगल. मगलाच्या नजरेस पडू नये हे कौशल्य मानले जाते. माझा आक्षेप इथे आहे. ही रचना शोधणाऱ्याच्या डोळ्यांचा बारकाईने विचार करते. त्याला पाहणाऱ्या तिसऱ्याच्या डोळ्यांचा विचार करते तो एवढाच, की ते टाळावेत कसे. निर्मनुष्य सरकारी जंगलात हे चालून जाईल. मराठवाड्यात निर्मनुष्य असे शिवार नसते. पिकाला पाणी द्यायला वीज रात्री येते, म्हणून शेतकरी रात्री रानात असतो. राखणीला कुणी असतो. उसाची टोळी असते.

आणि या तिसऱ्याच्या डोक्यात रात्रीच्या शोधाचा एक अर्थ आधीपासून आहे: गुप्तधन. पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते, डोळ्यांत अंजन घातले की हंडा दिसतो, या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. त्या नुसत्या गोष्टी राहिल्या नाहीत, त्यांपायी अघोरी कृत्ये झाली. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष प्रकारांचाही समावेश करावा लागला. खेळाडू म्हणेल, आमच्या नियमात खणणेच नाही. खरे आहे. पण बॅटरीच्या झोतावरून हे बांधावरच्या माणसाला कसे कळणार? धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ते तर भरदिवसा, बाजाराच्या दिवशी घडले.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. प्रकाश पडताच लुकलुकणारी डबी मी स्वतः जोडून पाहिली. प्रकाशाने रोध बदलणारा एक छोटा घटक, एक ट्रान्झिस्टर, एक एलईडी. उन्हाळ्यात सेल फुटले, ते सोडा. पण ओसाड जागी आपोआप लुकलुकणारा दिवा म्हणजे कुणाला चकवा वाटेल, कुणाला बॉम्ब. अतिनील बॅटरीखालीच दिसणारी शाई आमच्या उन्हात लवकर विटते. शिवाय त्या उजेडात विंचूही हिरवट निळा चमकतो, हा भाग मात्र मला फार आवडला. दगडांच्या ढिगात डबी लपवावी, ही तिकडची सर्रास चाल इथे सरळ चूक आहे. मण्यार रात्रीच बाहेर पडते आणि चावल्याचे कित्येकदा कळतही नाही. हात घालण्याची जागा आतपर्यंत दिसलीच पाहिजे.

आणि जुन्या किल्लारीत दगडांचे ढीगच आहेत. 29 सप्टेंबर 1993ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. घरेच माणसांवर आली. हजारो गेले. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. आमच्या गावात भिंतींना भेगा पडण्यावर निभावले, म्हणून उजाडायच्या आत आम्ही चौघे सायकलींवर किल्लारीकडे निघालो. माझ्याकडे दुकानातली तीन सेलची बॅटरी होती. तिचा उपयोग झाला नाही. धुळीत झोत पुढे जातच नव्हता. लोक कानाने शोधत होते. नाव घेऊन हाक मारायची, गप्प राहायचे, पुन्हा हाक मारायची. कुणी बोलले तर बाकीचे त्याला हाताने थांबवत.

जुन्या गावात डबी ठेवू नये, या निर्णयाला मला भावनेचा आधार पुरेसा वाटत नाही, कारण भावना माझी आहे आणि येणारा खेळाडू कदाचित पुण्याचा असेल. कारण रचनेतलेच आहे. तिथे अंधारात दगडांत शोधणे या क्रियेला आधीच एक अर्थ आहे, आणि कोणतीही टिकली, कोणतीही कल्पक खूण त्या अर्थावर मात करू शकत नाही. ज्याला त्या जागेचे काही समजून घ्यायचे असेल, त्याने दिवसा यावे. 2004पासून याच खेळात भूविज्ञान शिकवणारी, डबीच नसलेली ठिकाणे नोंदवली जातात. स्थिर मानलेल्या दख्खनच्या काळ्या दगडाखाली जमीन का सरकली, हे सांगायला किल्लारीपेक्षा बोलकी जागा कोणती? स्मृतिस्तंभापाशी दर 30 सप्टेंबरला लोक जमतात. त्यांना विचारून ते करता येईल.

मग रात्रीची डबी इथे होऊच नये का? मी माझ्याच रानात एक मांडली. तिच्यात पहिली खूण आकाशातली आहे. ध्रुवाची उंची म्हणजे जागेचे अक्षांश. अल्मरच्या बादलीपाशी ती पंचेचाळीस अंश, आमच्याकडे अठरा, म्हणजे हात लांब केल्यावर दोन मुठींना थोडी कमी. विहिरीच्या काठावर उभे राहून ध्रुव ज्या बाभळीच्या शेंड्यावर दिसतो, तिथून टिकल्या सुरू होतात. दिवसा ही खूण नाहीच, आणि तिसऱ्यालाही ती बोट करून दाखवता येते. शेवटी डबी निंबाच्या फांदीला छातीच्या उंचीवर उघडी टांगलेली. शेजाऱ्यांना आणि पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवले होते.

एका शेजाऱ्याला सांगायचे राहिले. तिसऱ्या टिकलीपाशी बांधावरून आवाज आला, “कोण हाय रं तिकडं?”

मी नाव सांगितले. म्हातारे जवळ आले नाहीत. हातात काठी होती, एवढे दिसले.

“काय हुडकायलास?”

“काही नाही तात्या, खेळ आहे.”

“रातच्याला कसला खेळ? बत्ती आदी तुझ्या तोंडावर मार. कळू दे कोण हाय ते.”

मी बॅटरी उलटी करून चेहऱ्यावर धरली. डोळे दिपले, मला काहीच दिसेना. पावले जवळ आली. मग त्यांनीच माझ्या हातातून बॅटरी घेतली, कानाशी धरायला सांगितली तशी धरली आणि झाडांवर फिरवली. चौथी टिकली त्यांना माझ्याआधी दिसली.

आता पहिल्या खुणेच्या सूचनेत मी एक ओळ वाढवली आहे: निघण्याआधी विहिरीपाशी उभे राहून नाव मोठ्याने सांगावे आणि उजेड स्वतःच्या तोंडावर धरावा.